इंडेक्स कॉलमचा की क्वेरीचा?

टेबल मोठं झालं आणि स्क्रीन उघडायला वेळ लागू लागला, की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘व्हेअर’मध्ये येणाऱ्या कॉलमवर इंडेक्स टाक. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. तो पाळत गेलं की दोन-तीन वर्षांत एकाच टेबलवर सात-आठ इंडेक्स साठतात, प्रत्येक एकेका कॉलमचा, आणि नेमकी ती स्क्रीन तरीही रखडतेच. मग कुणीतरी सुचवतं, हे सगळं काढा आणि चार कॉलमांचा एक कंपोझिट इंडेक्स करा. तो कधी रामबाण ठरतो, तर कधी ऑप्टिमायझर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

एकेरी बरा की कंपोझिट, हा वाद रिलेशनल डेटाबेसइतकाच जुना आहे. गेल्या पन्नास वर्षांत संशोधकांनी आणि वेगवेगळ्या डेटाबेसनी त्याला दिलेली उत्तरं एकत्र पाहिली तर एक गोष्ट ठळक होते. कॉलमांची यादी समोर घेऊन बसलं की हा निर्णय अडतो, आणि क्वेरींची यादी घेऊन बसलं की बहुतेक वेळा सुटतो. पुढचा आढावा याच अंगाने आहे.

प्रश्न जुना आहे

एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध १९७० च्या जूनमध्ये छापून आला. त्याच वर्षी बोइंगच्या संशोधन विभागात काम करणारे रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बी-ट्रीची रचना मांडली. १९७२ मध्ये ती नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आणि १९७० च्याच नोव्हेंबरात व्ही. वाय. लम यांनी थेट आपलाच प्रश्न विचारला होता: अनेक गुणधर्मांवर शोध घ्यायचा असेल तर प्रत्येकाचा वेगळा इंडेक्स ठेवावा, की काहींचे एकत्र?

लम यांचं उत्तर आजही डोळे उघडणारं आहे. कॉलमांच्या कुठल्याही जोडीला किंवा गटाला उत्तर एका सलग पट्ट्यात मिळावं असं वाटत असेल, तर तीन कॉलमांना तीन वेगवेगळ्या क्रमांचे कंपोझिट इंडेक्स पुरतात, चारांना सहा लागतात, पण दहा कॉलमांना २५२. म्हणजे ‘कुठल्याही प्रश्नाला झटपट उत्तर’ हे उद्दिष्ट धरलं तर कंपोझिटचा मार्ग लवकरच अंगावर येतो. निवड करावीच लागते, आणि ती करायची तर कोणते प्रश्न खरोखर विचारले जातात हे आधी ठाऊक हवं.

याचं मूळ बी-ट्रीच्या स्वभावात आहे. बी-ट्री म्हणजे शेवटी एक क्रमवार यादी, आणि तिच्यात हव्या त्या जागी पटकन उतरण्यासाठी वर बांधलेले मजले. एका पानात तीनशेच्या आसपास नोंदी मावत असतील तर तीन मजल्यांत २ कोटी ७० लाख नोंदी बसतात, त्यामुळे जागेवर पोचणं स्वस्तच असतं. खर्च होतो तो तिथून पुढे किती नोंदी वाचाव्या लागतात आणि त्यापायी टेबलमधली किती पानं उघडावी लागतात यावर. कंपोझिट इंडेक्सची यादीही एकच असते: आधी पहिल्या कॉलमने लावलेली, तो सारखा असेल तिथे दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. गावनिहाय आणि गावात गट क्रमांकाने लावलेलं सातबाऱ्याचं दप्तर जसं असतं, तसंच. गाव माहीत असेल तर गट लगेच सापडतो. नुसता गट क्रमांक घेऊन गेलात तर प्रत्येक गावाचं दप्तर सोडावं लागतं.

एक क्वेरी, चार रस्ते

हिशेबासाठी एक टेबल घेऊ. एखाद्या शहराच्या दहा वर्षांतल्या १ कोटी तक्रारी, २०० विभाग, आणि त्यातल्या २ टक्के प्रलंबित. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून सगळं समान विखुरलेलं मानू. खऱ्या माहितीत तसं नसतं, त्याकडे नंतर वळू. स्क्रीनवर हवंय इतकंच: एका विभागाच्या प्रलंबित तक्रारींपैकी ताज्या वीस.

पहिला रस्ता, फक्त (विभाग) हा इंडेक्स. त्यात या विभागाच्या ५०,००० नोंदी आहेत. प्रत्येकीसाठी टेबलमधली ओळ काढायची, स्थिती तपासायची, ४९,००० टाकून द्यायच्या, उरलेल्या हजार तारखेने लावायच्या आणि वीस दाखवायच्या. त्या ५०,००० ओळी दहा वर्षांच्या टेबलभर पसरलेल्या असतात. म्हणजे जवळजवळ ओळीमागे एक पान उघडायची तयारी ठेवायची.

दुसरा रस्ता, (विभाग) आणि (स्थिती) असे दोन स्वतंत्र इंडेक्स जोडून वापरायचे. एकातून ५०,००० नोंदी, दुसऱ्यातून २ लाख, दोन्हींत सामाईक त्या हजार. टेबलकडे आता हजारच फेऱ्या होतात, पण त्यासाठी अडीच लाख नोंदी चाळाव्या लागल्या आणि क्रम लावायचं काम तसंच राहिलं.

तिसरा रस्ता, (विभाग, स्थिती) हा कंपोझिट. हजार सलग नोंदी, हजार ओळी, आणि शेवटी क्रम लावणं.

चौथा, (विभाग, स्थिती, तारीख). इथे त्या हजार नोंदी आधीच तारखेने लावलेल्या आहेत. पट्ट्याच्या टोकाशी जायचं, उलटं वाचत यायचं आणि विसाव्या नोंदीला थांबायचं. वीस नोंदी, वीस ओळी, सॉर्ट शून्य.

तिसऱ्या आणि चौथ्या रस्त्यातला फरक सहसा दुर्लक्षिला जातो. कंपोझिट इंडेक्सचा फायदा ‘नेमक्या ओळी सापडणं’ एवढाच मानला जातो; त्याचा क्रम हा निम्मा फायदा आहे. पानापानाने यादी दाखवणाऱ्या कुठल्याही स्क्रीनला हा निम्मा फायदाच तारतो.

एकेरी इंडेक्स कुठे जिंकतो

दोन एकेरी इंडेक्स जोडण्याची सोय सगळीकडे सारखी नाही. पोस्टग्रेसमध्ये २००५ च्या ८.१ आवृत्तीपासून बिटमॅप स्कॅन आहे: प्रत्येक इंडेक्समधून ओळींच्या पत्त्यांचा नकाशा बनवायचा, नकाशांचा छेद किंवा संयोग काढायचा आणि मगच टेबल उघडायचं. मायएसक्यूएलमध्ये त्याच सुमाराला, ५.० पासून, इंडेक्स मर्ज आलं. एसक्यूलाइट मात्र ‘अँड’ने जोडलेल्या अटींसाठी एका टेबलला साधारणपणे एकच इंडेक्स वापरतं; दुसरा असून नसल्यासारखा.

पोस्टग्रेसच्या नकाशात एक गोष्ट हरवते: क्रम. नकाशा पत्त्यांच्या क्रमाने बनतो, तारखेच्या नाही. त्यामुळे वरच्या ‘ताज्या वीस’सारख्या क्वेरीला ही जोडणी कितीही हुशार असली तरी सॉर्ट टळत नाही.

तरीही एकेरींची हक्काची दोन ठिकाणं आहेत. पहिलं ‘ऑर’. ‘या विभागाच्या किंवा या तक्रारदाराच्या’ अशी अट असेल तर (विभाग, तक्रारदार) हा इंडेक्स दुसऱ्या अर्ध्याला काहीच मदत करत नाही. दोन एकेरी इंडेक्स आणि त्यांचा संयोग हेच उत्तर. दुसरं ठिकाण म्हणजे ज्या स्क्रीनवर वापरणारा दहा-बारा गाळण्यांतून हव्या त्या निवडतो ती. तिथे लम यांचा २५२ चा आकडा आठवावा. कुठली जोडी येईल हे माहीत नसताना, भरपूर गाळून देणाऱ्या चार-पाच कॉलमांवर एकेरी इंडेक्स ठेवून जोडण्याचं काम डेटाबेसवर सोडणं शहाणपणाचं ठरतं.

क्रमाचा वाद

कंपोझिट ठरला की पुढचा प्रश्न: पहिला कॉलम कोणता? इथे एक नियम वर्षानुवर्षं तोंडातोंडी फिरतो की ज्यात वेगळ्या किमती जास्त तो कॉलम पुढे. क्वेरीत सगळ्या अटी ‘बरोबर’ या चिन्हाच्या असतील तर या नियमात फारसा अर्थ नाही. (विभाग, स्थिती) घ्या किंवा (स्थिती, विभाग) घ्या, दोन्हींत त्या हजार नोंदी सलगच बसतात आणि मजलेही तेवढेच उतरावे लागतात.

फरक पडतो तो पट्ट्याची अट आली की. ‘या विभागाच्या गेल्या एका महिन्यातल्या तक्रारी’ ही क्वेरी घेऊ. महिन्याला सुमारे ८३,००० तक्रारी येतात, त्यातल्या एका विभागाच्या सव्वाचारशेच्या आत. (विभाग, तारीख) या इंडेक्सात त्या सलग मिळतात आणि तेवढ्याच वाचल्या जातात. (तारीख, विभाग) मध्ये मात्र महिन्याच्या सगळ्या विभागांच्या ८३,००० नोंदींमधून त्या वेचाव्या लागतात. तारखेत वेगळ्या किमती विभागापेक्षा कितीतरी जास्त आहेत. म्हणजे तोंडी नियमाने गेलं असतं तर चुकीचाच क्रम निवडला असता. म्हणून टिकणारा नियम असा: ‘बरोबर’च्या अटींचे कॉलम आधी, मग क्रमाचा किंवा पट्ट्याचा कॉलम. पट्ट्यानंतर आलेला कॉलम पट्टा लहान करत नाही, इंडेक्समध्येच काही नोंदी गाळून टेबलच्या फेऱ्या तेवढ्या वाचवतो. मायएसक्यूएलने हे गाळणं इंडेक्स कंडिशन पुशडाउन या नावाने ५.६ मध्ये आणलं.

‘बरोबर’वाल्या कॉलमांत आपसातला क्रम ठरवायचा तो इतर क्वेरींकडे बघून. (विभाग, स्थिती, तारीख) हा इंडेक्स नुसत्या विभागाच्या क्वेरीलाही चालतो, विभाग आणि स्थितीच्याही. नुसत्या स्थितीच्या क्वेरीला चालत नाही. जो कॉलम सर्वांत जास्त क्वेरींत येतो तो पुढे ठेवला की एका इंडेक्सात दोन-तीन क्वेरी पदरात पडतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये आणखी एक बारकावा आहे: इंडेक्सच्या आकडेवारीतला हिस्टोग्राम फक्त पहिल्या कॉलमचा असतो, तेव्हा ज्याच्या किमतींचं वितरण फार विषम आहे तो कॉलम पुढे असणं अंदाजाला मदत करू शकतं.

पहिला कॉलम क्वेरीत नसेल तर इंडेक्स निरुपयोगी, हा नियमही आता पूर्वीइतका कडक नाही. ओरॅकलने ९आय आवृत्तीत स्किप स्कॅन आणलं, मायएसक्यूएलने ८.०.१३ मध्ये आणि पोस्टग्रेसने २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत. पहिल्या कॉलमच्या किमती मोजक्या असतील तर डेटाबेस प्रत्येक किमतीच्या पट्ट्यात एकेकदा उतरून पुढच्या कॉलमवर शोधतो. स्थितीच्या पाचच किमती असतील तर (स्थिती, तारीख) मधून नुसत्या तारखेचं उत्तर पाच उतरणींत मिळतं. पहिला कॉलम तक्रारदाराचा असेल तर मात्र या सोयीवर विसंबू नये. लाखो उतरणींपेक्षा सरळ टेबल वाचलेलं बरं.

टेबल न उघडता उत्तर

क्वेरीला लागणारे सगळे कॉलम इंडेक्समध्येच असले तर टेबलकडे जावंच लागत नाही. अशा कव्हरिंग इंडेक्सच्या मोहाने कंपोझिट लांबत जातात. एसक्यूएल सर्व्हरने २००५ मध्ये ‘इन्क्लूड’ दिलं, पोस्टग्रेसने २०१८ च्या ११ व्या आवृत्तीत: नुसते सोबत ठेवायचे कॉलम क्रमात न घेता शेवटच्या मजल्यावर ठेवता येतात. पोस्टग्रेसमध्ये टेबल न उघडता वाचण्याची सोय ९.२ पासून आहे, पण ती खरी चालते ती व्हॅक्यूमची साफसफाई वेळच्या वेळी होत असेल तरच. नाही तर ओळ दिसण्याजोगी आहे का हे पाहायला टेबल उघडावंच लागतं.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीत टेबलच प्रायमरी कीच्या क्रमाने लावलेलं असतं आणि दुय्यम इंडेक्सच्या प्रत्येक नोंदीत प्रायमरी की असते. म्हणजे तिथला ‘एकेरी’ इंडेक्स आतून दोन कॉलमांचाच असतो. याचा फायदा कधी फुकटात मिळतो, आणि प्रायमरी की लांबलचक असेल तर प्रत्येक इंडेक्सला तिचा भुर्दंडही पडतो.

इंडेक्स किती लांब असावा यावर दोन घराणी आहेत. टापिओ लाहदेनमाकी आणि मायकेल लीच यांच्या २००५ च्या पुस्तकात इंडेक्सला तीन तारे देण्याची पद्धत आहे: हव्या नोंदी शेजारीशेजारी असल्या तर एक, हव्या त्या क्रमात असल्या तर दुसरा, क्वेरीचे सगळे कॉलम त्यातच असले तर तिसरा. या मापाने चांगला इंडेक्स बहुधा रुंदच निघतो. उलट पोस्टग्रेसची अधिकृत कागदपत्रं हात आखडता घ्यायला सांगतात: कंपोझिट जपून वापरा, आणि टेबलचा वापर अगदी ठरावीक साच्याचा नसेल तर तीनहून जास्त कॉलमांचा सहसा उपयोग होत नाही. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिला एका क्वेरीकडे पाहून दिलेला आहे, दुसरा संपूर्ण टेबलकडे. दिवसात लाखो वेळा चालणारी एखादी क्वेरी असेल तर तिला तीन तारे द्यावेत. बाकीच्यांना एक-दोन पुष्कळ झाले.

लिहिण्याचा खर्च

प्रत्येक नवी ओळ प्रत्येक इंडेक्सात एक नोंद करते. सात एकेरींच्या जागी दोन कंपोझिट आले तर वाचनासोबत लिहिणंही हलकं होतं; कंपोझिटच्या बाजूचा हा मुद्दा फारसा मांडला जात नाही. पण वारंवार बदलणारा कॉलम इंडेक्सात घेताना विचार करावा. पोस्टग्रेसमध्ये इंडेक्समधल्या कुठल्याही कॉलमला धक्का न लावणारा बदल, पानात जागा असेल तर, इंडेक्सना न शिवता होतो. स्थिती इंडेक्सात आली की तक्रारीची स्थिती बदलताना ही सवलत जाते आणि त्या ओळीसाठी टेबलच्या सगळ्याच इंडेक्सांत नवी नोंद पडते.

आपल्या उदाहरणात यावर एक तिसरा पर्याय निघतो: (विभाग, तारीख) हा इंडेक्स, पण फक्त प्रलंबित तक्रारींपुरता. १ कोटीऐवजी २ लाख नोंदी, आणि स्क्रीनला चौथ्या रस्त्याइतकाच वेग. तक्रार निकाली निघाली की तिची नवी आवृत्ती या इंडेक्सात येतच नाही. स्थितीबदलाची सवलत यानेही परत मिळत नाही, पण इंडेक्स लहान राहतो. असा अर्धवट इंडेक्स पोस्टग्रेस, एसक्यूलाइट आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये करता येतो, मायएसक्यूएलमध्ये नाही.

(विभाग, तारीख) असताना वेगळा (विभाग) ठेवणं बहुधा वायफळ. अपवाद मोजके. वेगळ्या नियमासाठी असलेला युनिक इंडेक्स काढायचा नाही, कारण तो वेगासाठी नसून नियमासाठी आहे. त्याच कारणाने ‘एका विद्यार्थ्याची एका परीक्षेत एकच नोंद’ हा नियम (विद्यार्थी, परीक्षा) या कंपोझिट युनिकनेच पाळता येतो. दोन एकेरी युनिक इंडेक्स लावले तर विद्यार्थ्याला आयुष्यात एकच परीक्षा देता येईल. फॉरेन कीचंही लक्षात ठेवावं: इनोडीबी तिच्यासाठी इंडेक्स नसेल तर स्वतः करतं, पोस्टग्रेस करत नाही.

अंदाज चुकतो तेव्हा

कुठला रस्ता घ्यायचा हे ऑप्टिमायझर अंदाजाने ठरवतो. आयबीएमच्या सिस्टिम आरसाठी पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ‘अँड’ने जोडलेल्या अटींची प्रमाणं एकमेकांना गुणली जातात, जणू त्यांचा परस्परांशी संबंधच नाही. वर सगळं समान विखुरलेलं मानून आपणही तेच केलं. आता ‘तालुका हवेली आणि जिल्हा पुणे’ ही अट पाहा. हवेली म्हटलं की पुणे आलंच. दुसरी अट एकही ओळ गाळत नाही. गुणाकार करणारा ऑप्टिमायझर मात्र उत्तर कित्येक पटींनी लहान समजतो आणि भलताच रस्ता धरतो. पोस्टग्रेसमध्ये कंपोझिट इंडेक्स केल्याने हा अंदाज सुधारत नाही. त्यासाठी १० व्या आवृत्तीपासून कॉलमांच्या गटाची वेगळी आकडेवारी सांगून ठेवता येते. एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल कंपोझिटच्या डाव्या भागांत वेगळ्या किमती किती याची नोंद ठेवतात. इंडेक्स उत्तम असूनही वापरला जात नाही तेव्हा दोष इंडेक्सचा की आकडेवारीचा, हे आधी तपासावं.

हे काम यंत्रावर सोडावं का?

डग्लस कोमर यांनी १९७८ मध्येच दाखवलं की सर्वोत्तम इंडेक्ससंच निवडणं ही एनपी-हार्ड वर्गातली अडचण आहे. तरी व्यवहारापुरती उत्तरं निघाली. सुरजित चौधुरी आणि विवेक नरसय्या यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये १९९७ च्या सुमारास बांधलेलं साधन हातात क्वेरींची यादी घेऊनच सुरू होत असे: आधी एका कॉलमचे उमेदवार तपासायचे, त्यात निवडून आलेल्यांवरून दोन कॉलमांचे उमेदवार उभे करायचे, आणि प्रत्येकाचा खर्च ऑप्टिमायझरलाच विचारायचा. आज एसक्यूएल सर्व्हर हव्या असलेल्या इंडेक्सच्या सूचना स्वतःहून देतो, पण त्या एकेका क्वेरीपुरत्या असतात आणि कॉलमांचा योग्य क्रम सांगत नाहीत. सूचना येईल तसा इंडेक्स करत गेलं तर एकमेकांसारखे डझनभर कंपोझिट जमतात. सात एकेरींचाच गोंधळ नव्या रूपात. पोस्टग्रेसचं हायपोपीजी हे एक्स्टेन्शन प्रत्यक्ष इंडेक्स न बांधता ‘असता तर वापरला असता का’ हे सांगतं, आणि मायएसक्यूएल ८ मध्ये इंडेक्स काढण्याआधी तो अदृश्य करून पाहता येतो.

सगळं मिळून पाहिलं तर ‘एकेरी की कंपोझिट’ याचं उत्तर असं लागतं. नियम सांगणारे इंडेक्स, म्हणजे प्रायमरी, युनिक आणि फॉरेन की, वादाबाहेर ठेवावेत. मग सर्वाधिक चालणाऱ्या आणि सर्वाधिक वेळ खाणाऱ्या पाच-दहा क्वेरी काढाव्यात आणि त्यांच्यासाठी ‘बरोबर’ आधी, क्रम किंवा पट्टा नंतर, या हिशेबाने दोन-तीन कॉलमांचे कंपोझिट करावेत. एकाचा डावा भाग दुसऱ्याचं काम करत असेल तर दुसरा गाळावा. एकेरी इंडेक्स उरतील ते ‘ऑर’साठी आणि ज्यांची जोडी आधी ठरवता येत नाही अशा गाळण्यांसाठी. प्रत्येक पायरीला एक्स्प्लेनचा निकाल, आणि तोही खऱ्या आकाराच्या माहितीवर. हजार ओळींच्या टेस्ट टेबलवर डेटाबेस अनेकदा इंडेक्सच वापरत नाही आणि ते बरोबरच असतं. वर्षातून एकदा न वापरलेल्या इंडेक्सांची यादी काढावी, कारण स्क्रीन बदलतात आणि इंडेक्स मात्र तसेच राहतात. जो इंडेक्स कुठल्या क्वेरीसाठी आहे हे टीममधल्या कुणालाच सांगता येत नाही आणि वापराच्या आकडेवारीतही ज्याचं नाव नाही, तो काढण्याच्या यादीत पहिला.